कुंपण घरच्यांनाच बोचू नये

कोकणात पूर्वी परसाभोवती दगडी गडगा असे, नाहीतर काट्यांची वई. आता आपण दुकानात जाऊन विचारतो, ‘जाळी काय भावानं?’ मीही तेवढंच विचारलं होतं. समुद्राकाठच्या आमच्या घराला सर्वांत स्वस्त, चकचकीत जाळी लावली. चार पावसाळ्यांत ती गंजली आणि तुटक्या तारेनं नातवाचा तळहात फाडला. धनुर्वाताची सुई द्यावी लागली.

तेव्हा उमगलं, की लोखंडाला राखतो तो जस्ताचा मुलामा. जस्त आधी स्वतः झिजतं, म्हणून आतलं लोखंड टिकतं. थर पातळ असेल, तर खारा वारा तो लवकर संपवतो. चकाकीवरून थराची जाडी कळत नाही. चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त आहे, हे विचारा. गेजही पाहा. आकडा मोठा, तितकी तार बारीक : १० गेजची तार सुमारे ३.२ मिलिमीटर, १२ गेजची सुमारे २.६.

वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं, म्हणून सांध्यांना जस्तयुक्त रंग द्या. अ‍ॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही. पण ते मऊ, गुरांनी रेटलं की वाकतं. स्टेनलेस स्टील घ्यायचंच, तर किनाऱ्यावर ३०४ पेक्षा ३१६ प्रतीचं बरं. ते महाग पडतं. परवडत नसेल, तर जाड मुलाम्याची जाळीच घ्यावी.

कुंपण राखणीसाठी घालायचं. ते घरच्यांनाच बोचू नये, एवढं तरी आधी पाहावं.