खेळाची गर्दी, गाण्याची गर्दी

आम्ही दोघी बहिणी नाही, जावा नाही. वीस-बावीस वर्षांच्या शेजारणी आहोत. एकीचं माहेर साताऱ्याकडचं, दुसरीचं अकोल्याकडचं आणि दोघींचं बिऱ्हाड अमेरिकेत, शिकागोजवळच्या एका उपनगरात. सुट्टीत इकडे आलो तेव्हा या केंद्रावरच्या ताई म्हणाल्या, ‘तिकडच्या पाककृती सांगा, नाहीतर परदेशात मुलांवर संस्कार कसे करता ते सांगा.’ आम्ही म्हटलं, त्यावर बोलणाऱ्या पुष्कळ आहेत. आम्हाला ज्याचं वेड आहे ते सांगतो. एक, बेसबॉलचे शेवटचे सामने, ज्यांना तिकडे प्लेऑफ म्हणतात. आणि दुसरं, रॉक संगीताचे जाहीर कार्यक्रम. ताई आधी हसल्या, मग म्हणाल्या, ‘बोला, पण आम्हाला कळेल असं बोला.’

तर आधी खेळ. आपल्याकडे क्रिकेट घरोघरी कळतं, त्यामुळे फार समजवावं लागणार नाही. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न पडता थेट अंगावर येतो, बॅट मुसळासारखी गोल असते, आणि धाव काढायची म्हणजे मैदानाच्या चार कोपऱ्यांना वळसा घालून परत घरी यायचं. त्या जागेला खरंच ‘होम’ म्हणतात. तीन गडी बाद झाले की पाळी संपली. अशा दोन्ही संघांच्या नऊ-नऊ पाळ्या. तीस संघ असतात, आणि प्रत्येक संघ उन्हाळाभर १६२ सामने खेळतो. म्हणजे जवळजवळ रोजच खेळ. स्वयंपाक करता करता कानावर पडत राहतो, जसा पूर्वी आपल्याकडे रेडिओ चालू असायचा. ऑक्टोबर आला की मात्र सगळं बदलतं. मोजके संघ उरतात, तेच प्लेऑफ. सहा महिने जो सामना ‘आज नाही तर उद्या’ असा असतो, तो एकदम ‘आज नाही तर पुढच्या वर्षी’ असा होतो. तीसपैकी एकच संघ शेवटी जिंकून घरी जातो. बाकी एकोणतीस संघांच्या माणसांचा मोसम हिरमुसला होऊनच संपतो.

आमच्या शिकागोच्या संघाचं नाव कब्ज. या संघाने अजिंक्यपद मिळवलं १९०८ साली, आणि नंतर तब्बल १०८ वर्षं मिळवलं नाही. लोक सांगायचे की १९४५ साली एक खानावळवाला आपली बकरी घेऊन मैदानात आला, त्या बकरीला बाहेर काढलं, म्हणून त्याने शाप दिला. आपल्याकडे गावोगाव अशा गोष्टी असतात, त्यातलीच ही एक. शाप खरा असो नसो, पिढ्यान् पिढ्या माणसं आशा धरून बसली होती, एवढं खरं.

आम्हाला हा खेळ शिकवला आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी. त्या एकट्या राहायच्या. आम्ही नव्या, इंग्रजी बोलायला बुजणाऱ्या, कडेवर लहान मुलं. त्या आम्हाला ओसरीवर बसवायच्या, रेडिओ लावायच्या आणि कागदावर चौकटी आखून प्रत्येक चेंडूची नोंद कशी करायची ते दाखवायच्या. बाद झाला तर कोणती खूण, धाव मिळाली तर कोणती, सगळं. गृहपाठ दिल्यासारखं तपासायच्यासुद्धा. परक्या गावात आम्हाला ‘आपलं’ म्हणायला पहिली जी गोष्ट मिळाली, ती ही.

त्यांनीच एक गंमत सांगितली. या खेळाचं एक गाणं आहे. सातव्या पाळीच्या मध्यावर सगळं मैदान उभं राहून ते म्हणतं. गाणं १९०८ सालचं, म्हणजे कब्ज जिंकले त्याच वर्षाचं. पण मैदानात म्हणतात तो फक्त धृपदाचा भाग. मूळ गाण्याच्या कडव्यांत एक गोष्ट आहे. केटी केसी नावाच्या मुलीला तिचा मित्र विचारतो, नाटकाला येतेस का? ती म्हणते, छे, मला सामन्याला ने! तिला सगळ्या खेळाडूंची नावं पाठ, आणि पंच चुकला तर त्याला सुनवायलाही ती कमी करत नाही. म्हणजे बघा, सव्वाशे वर्षं होत आली, लाखो पुरुष उभे राहून जे गाणं म्हणतात, ते खरं तर एका खेळवेड्या मुलीचं मागणं आहे.

आणखी एक. १९४३ साली युद्धामुळे पुरुष खेळाडू सैन्यात गेले, तेव्हा कब्जचे मालक फिलिप रिग्ली यांनी बायकांचे बेसबॉल संघ उभे केले. त्यांना स्कर्ट घालून खेळायला लावलं, चालण्या-बोलण्याच्या रीतीचे वर्गही घेतले. तरी त्या घसरून, गुडघे फोडून खेळल्या, आणि ते सामने १९५४ पर्यंत चालले. शिकागोचं मैदान रिग्ली फील्ड. तिथे कायमचे विजेचे दिवे आले १९८८ मध्ये. पण त्याच्या पंचेचाळीस वर्षं आधी, जुलै १९४३ मध्ये, तात्पुरते दिवे लावून त्या मैदानावर रात्री पहिल्यांदा खेळल्या त्या या बायका. हे तिथल्या पुष्कळ पुरुषांनाही माहीत नसतं. आम्ही आवर्जून सांगतो.

आता गाण्याकडे येऊ. रॉक म्हणजे नुसता धांगडधिंगा, अशी आमचीही समजूत करून दिलेली होती. पण आमची मुलं घरात जे ऐकत होती, त्यात पर्ल जॅम नावाच्या वाद्यवृंदाची गाणी होती. गायक एडी व्हेडर. वाद्यवृंद सिअॅटलचा, पण व्हेडर जन्मला शिकागोलगतच्या इव्हॅन्स्टनमध्ये, आणि तो कब्जचा हाडाचा भक्त. मुलांच्या मागून ऐकता ऐकता आम्ही त्यात गुंतलो. मुलं मोठी झाली, त्यांची आवड बदलली, आम्ही तिथेच राहिलो.

१९ जुलै २०१३ ला हे लोक रिग्ली फील्डवर गायले. आम्ही दोघीच गेलो. घरी सांगितलं, भाजी-आमटी करून ठेवली आहे, भात तेवढा लावा. थोडीच गाणी झाली आणि आभाळ फाटलं. विजा चमकायला लागल्या तशी हजारो माणसांना मैदानावरून आणि बाकांवरून उठवून गॅलऱ्यांखालच्या बोळांत हलवलं. तिथे दोन तासांहून जास्त आम्ही उभ्या होतो. खांद्याला खांदा लागलेला, ओले कपडे, अनोळखी माणसं.

मैत्रिणींनो, इथे थोडं थांबतो. गर्दी म्हटलं की आपल्या अंगात काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. एसटी स्टँड असो, जत्रा असो, लोकल असो. पर्स छातीशी येते, कोपरं बाहेर येतात, नजर चारी बाजूंना फिरते. हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि गर्दीचं दुसरं भयही आपण जाणतो. २००५ साली मांढरदेवीच्या यात्रेत जे झालं, ते साताऱ्याकडे कुणी विसरलेलं नाही.

रॉकच्या जगातही हे घडलेलं आहे, आणि नेमकं याच वाद्यवृंदासमोर घडलेलं आहे. ३० जून २००० ला डेन्मार्कमध्ये रॉस्किल्ड इथल्या महोत्सवात पर्ल जॅम गात असताना मंचासमोर रेटारेटी झाली. माणसं पायाखाली पडली. व्हेडरने गाणं थांबवून लोकांना मागे सरकायला विनवलं, पण तोवर उशीर झाला होता. नऊ तरुण गेले. पुढे गायचं की नाही, असा प्रश्न त्या कलाकारांपुढे उभा राहिला होता.

खेळातली गर्दीही काही साधुसंत नसते. १४ ऑक्टोबर २००३ ची रात्र आम्ही टीव्हीवर पाहिली. कब्ज ३-० असे पुढे होते, आणखी पाच गडी बाद केले की १९४५ नंतर पहिल्यांदा अंतिम फेरी. एक उंच फटका प्रेक्षकांच्या कठड्यावर आला. चार-पाच जणांनी हात वर केले, चेंडू त्यातल्या एकाच्या हाताला लागला आणि क्षेत्ररक्षकाचा झेल हुकला. त्यानंतर समोरच्या फ्लोरिडाच्या संघाने त्याच पाळीत आठ धावा काढल्या. यात खेळाडूंच्या चुका होत्याच, पण मैदानाने त्या एका प्रेक्षकाला धरलं. त्याच्यावर बिअर फेकली, वस्तू फेकल्या, शिव्या दिल्या. त्याला तोंड झाकून पहाऱ्यात बाहेर न्यावं लागलं. हातातोंडाशी आलेला घास गेला की कुणीतरी पापी लागतो. आपल्याकडे घरात काही बिघडलं की नव्या सुनेच्या पायगुणावर जातं ना, तसंच हे. आमच्या म्हाताऱ्या बाईंनी त्या रात्री टीव्ही बंद केला आणि एवढंच म्हणाल्या, ‘तो पोरगा आपल्यासारखाच चेंडू पकडायला आला होता.’

म्हणून २०१३ च्या त्या बोळात उभ्या असताना आम्ही सावध होतो. पण काय झालं? कुणी ढकललं नाही. एका उंच पोराने आमच्यासमोर हात आडवा धरून जागा करून दिली. एका बाईने प्लास्टिकचा जादा रेनकोट काढून दिला. आम्ही पर्समधली शेंगदाण्याची चिक्की वाटली. कुणीतरी गाणं सुरू केलं आणि सगळा बोळ गायला लागला. मध्यरात्रीच्या सुमाराला पाऊस थांबला, वाद्यवृंद परत आला आणि पहाटे दोनच्या सुमारापर्यंत गायला. त्या रात्री व्हेडरने मंचावर अर्नी बँक्स यांना आणलं. बँक्स हे कब्जचे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू, १९५३ पासूनचे. ५१२ होमरन, म्हणजे आपल्या भाषेत षटकार, त्यांच्या नावावर; पण अडीच हजारांवर सामने खेळूनही त्यांना एकदासुद्धा प्लेऑफ खेळायला मिळाला नाही. त्यांच्याच आग्रहावरून व्हेडरने कब्जवर एक गाणं रचलं होतं, एक दिवस आपण जिंकू अशा आशेचं. ते दोघांनी मिळून म्हटलं. ऐंशीच्या पुढचे बँक्स, भिजलेलं मैदान, आणि हजारो माणसं त्यांच्यासोबत गात होती. २०१५ च्या जानेवारीत ते गेले. पुढच्याच वर्षी कब्ज जिंकले.

२०१६ चं काय सांगावं! आम्ही अक्षरशः देव पाण्यात ठेवले होते. वर्ल्ड सीरीज म्हणजे अंतिम फेरी, सातपैकी चार सामने जिंकायचे. समोर क्लीव्हलँड. आम्ही १-३ असे मागे. पाचवा सामना रिग्ली फील्डवर होता, आणि सातव्या पाळीतलं ते गाणं म्हणायला उभा राहिला एडी व्हेडर! आमची दोन वेडं एकाच पडद्यावर. तो सामना ३-२ असा जिंकला, सहावाही जिंकला, आणि २ नोव्हेंबरच्या रात्री क्लीव्हलँडला सातवा. पुढे होतो, आठव्या पाळीत त्यांनी बरोबरी केली. नऊ पाळ्या संपल्या आणि पाऊस आला. सतरा मिनिटं खेळ थांबला. २००३ आठवून सगळ्या शहराचा जीव टांगणीला. मग दहाव्या पाळीत ८-७. गल्लीतली माणसं दारं उघडून बाहेर आली. कुणी ओरडत होतं, कुणी नुसतंच रडत होतं.

आमच्या म्हाताऱ्या बाई तोवर राहिल्या नव्हत्या. त्या दिवसांत लोकांनी एक गोष्ट केली, कुणी न सांगता. रिग्ली फील्डच्या विटांच्या बाहेरच्या भिंतींवर खडूने आपापल्या गेलेल्या माणसांची नावं लिहिली. आजोबा, आई, भाऊ, ज्यांनी आयुष्यभर वाट पाहिली आणि ज्यांना हे दिसलं नाही ते. हात पोचेल तिथपर्यंत भिंत भरली होती. आम्हीही लोकलने गेलो. शेजारच्या माणसाने अर्धा खडू मोडून दिला. आम्ही बाईंचं नाव आधी इंग्रजीत लिहिलं, मग खाली देवनागरीत. पाऊस आला की पुसलं जाणार, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

आणि हो, २००३ मधल्या त्या प्रेक्षकाला संघाने पुढच्या वर्षी अजिंक्यपदाची अंगठी दिली, खेळाडूंना देतात तशी. चौदा वर्षांनी का होईना, गर्दीने केलेलं कुणीतरी निस्तरलं.

आता तुम्ही विचाराल, यातून तुम्हाला मिळालं काय? आम्ही दोघींनी यावर पुष्कळ बोलून पाहिलं. घरात आपण सगळ्यांची खात्री असतो. डबा वेळेवर मिळणार याची खात्री, सासऱ्यांचं औषध चुकणार नाही याची खात्री. मैदानात आपल्यावर काही अवलंबून नसतं. संघ हरला तर तो आपल्यामुळे नाही, पाऊस आला तर तोही आपल्यामुळे नाही. एक संध्याकाळ जबाबदारीशिवाय जोरात ओरडता येतं, आणि त्या ओरडण्याकडे कुणी वळून पाहत नाही. ही विश्रांती झोपेने मिळत नाही.

पण जबाबदारी अजिबात नसते असंही नाही. गर्दी आपल्यातूनच होते. म्हणून आम्ही काही गोष्टी पाळतो. आत शिरताना बाहेर पडायच्या दोन वाटा बघून ठेवायच्या. मंचाला चिकटून उभं राहायचं नाही. मागून रेटा आला तर हात छातीसमोर घ्यायचे आणि प्रवाहातून तिरकं कडेला सरकायचं. शेजारी कुणी पडलं तर आधी त्याला उठवायचं, गाणं नंतर. आणि हरल्यावर कुणा एकावर सगळे तुटून पडायला लागले, तर आपण त्यांत आवाज मिसळायचा नाही.

यासाठी शिकागोला जायची गरज नाही. तुमच्या गावात कबड्डीचे सामने होतात, जत्रेत कुस्त्या होतात, ऑर्केस्ट्रा येतो, भजनाच्या स्पर्धा होतात. बहुतेक ठिकाणी पुढे पुरुष, आणि बायका लांब कुठल्यातरी गच्चीवर. एकटीला धीर होणार नाही, पण चौघी मिळून सतरंजी घेऊन पुढे बसा. पहिल्यांदा लोक बघतील, दुसऱ्यांदा सरकून जागा देतील. खेळातलं कळत नसेल तर शेजारणीला विचारा. आम्हीही ओसरीवर बसूनच शिकलो.

आणि येत्या ऑक्टोबरात कब्ज प्लेऑफला पोचले, तर एखादा देव आमच्यासाठीही पाण्यात ठेवा.