फ्रेडीची राहिलेली गाणी आणि मामांची कॅसेट

अहमदपुरातून बोलतोय. मागं पंख्याचा आवाज येतोय, तेवढं सांभाळून घ्या. पंखा बंद केला तर मीच बंद पडेन.

आज बोलायचंय फ्रेडी मर्क्युरीवर. क्वीन बँडचा गायक. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये चमचमते कपडे, मेकअप, उंच टाचांचे बूट घालून गाणाऱ्यांची लाट आली होती. त्याला म्हणायचे ग्लॅम रॉक. क्वीनची सुरुवात त्याच लाटेतली. पण या फ्रेडीचं खरं नाव फारुख बुलसारा. पारशी घरातला. जन्म १९४६ चा, झांझिबारचा. आणि शाळा? आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स! तिथंच पोरांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. त्यात हा पियानो वाजवायचा.

२४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी गेला. गंमत बघा, त्यानंतरही त्याची नवी गाणी येतच राहिली. कशी? स्टुडिओत एक गाणं एकदाच गात नाहीत. दहा वेळा गातात, एक ठेवतात. बाकीच्या टेप कपाटात जातात. काही गाणी तर अर्धीच राहतात.

१९८६ मध्ये त्यानं लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ‘टाइम’ हे गाणं गायलं. तेव्हा बाजारात आलं ते भरगच्च कोरस आणि वाद्यांसकट. त्याचंच नुसतं पियानो आणि आवाज असलेलं रूप लोकांपर्यंत पोचलं २०१९ मध्ये. ‘फेस इट अलोन’ १९८८ च्या सुमाराचं. ते वाचवता येणार नाही असं बँडलाच वाटत होतं. तुकडे जुळवून जुळवून ते २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलं. मायकल जॅक्सनसोबत १९८३ मध्ये सुरू केलेली गाणी तर दोघांनी मिळून कधी पूर्णच केली नाहीत. त्यातलं एक २०१४ मध्ये आलं, तेव्हा दोघंही हयात नव्हते.

मग प्रश्न पडतो. गेलेल्या माणसाचं राहिलेलं गाणं बाहेर काढायचा हक्क कुणाचा?

‘मदर लव्ह’चं ऐका. मे १९९१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो गाव. फ्रेडी खूप आजारी होता. आपल्याकडं दिवस थोडे आहेत हे त्याला ठाऊक होतं. जमेल तेवढं गाऊन ठेवायचं, बाकीच्यांनी मागाहून पूर्ण करायचं, असं ठरलेलं होतं. शेवटचं कडवं राहिलं ते राहिलंच. ते ब्रायन मेनं स्वतःच्या आवाजात गायलं. १९९५ च्या ‘मेड इन हेवन’मध्ये ऐका, आवाज बदलतो ते कळतं. तिथं कुणी फ्रेडीची नक्कल केली नाही. इथं हक्काचा वाद नाही, कारण देणाऱ्यानं स्वतःच्या हातानं दिलंय. पण जे कपाटात नुसतं राहून गेलं, त्याचं काय?

हे मला का खुपतंय ते सांगतो. माझे थोरले मामा लग्नाच्या बँडमध्ये गायचे. गेल्या उन्हाळ्यात मामींच्या ट्रंकेत त्यांची एक कॅसेट सापडली. स्वतः चाल लावलेली तीन गाणी. तिसऱ्यात मध्येच खोकला येतो, मामा म्हणतात, “थांब रे, पुन्हा घेऊ.” आणि टेप संपते.

मी लई हुशारी केली. मोबाइलवरच्या ॲपनं खरखर काढली, खोकला कापला, गाणं गुळगुळीत केलं. म्हटलं, याच एपिसोडमध्ये टाकू. आधी मामींना ऐकवलं. त्यांनी हेडफोन काढला आणि विचारलं, “अरे, यांचा खोकला कुठंय?”

मला बोलताच येईना.

मग मूळ फाइल लावली. खोकला आला तशा त्या हसल्या. म्हणाल्या, “दोन गाणी ऐकव लोकांना. तिसरं नको. ते पुन्हा घेऊ म्हणले होते.”

बस्स. माझ्यापुरता निकाल लागला. दोन गाणी पुढच्या एपिसोडमध्ये, खरखरीसकट. तिसरं घरातच राहील.

तुमच्याही घरी अशी कॅसेट असेल. आधी तिची मागची दोन्ही प्लास्टिकची टोकं मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. एकदा पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं फिरवा. बुरशी दिसली तर लावूच नका, जाणकाराला दाखवा. प्लेअरचं हेड स्पिरिटनं पुसा. वायर थेट लॅपटॉपला जोडून वेव्ह फाइल बनवा. आणि साफसफाई करायची ती कॉपीवर, मूळ फाइलला हात लावू नका.

आणि लोकांना ऐकवण्याआधी घरातल्या माणसाला ऐकवा.

भेटू पुढच्या वेळी, मामांसोबत. राम राम!