बडा बाजार : पेठ पुन्हा वसवायची कशी?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



झाशी म्हटले की आपण थेट किल्ल्यावर जातो. आज मी तुम्हाला किल्ल्याखालच्या शहरात, बडा बाजारात नेणार आहे. राणी महाल, माणिक चौक, मुरलीमनोहराचे मंदिर हा सगळा याच जुन्या बाजारपेठेचा परिसर.

ही पेठ आपल्याला परकी नाही. नाशिकला गोदाकाठी ज्यांच्या नावाची घंटा आहे, ते नारोशंकर 1742 च्या सुमारास झाशीचे सुभेदार झाले. त्यांनी किल्ला वाढवला आणि ओरछ्याकडची माणसे आणून खाली शहर वसवले. यातले माणसे आणणे मला फार महत्त्वाचे वाटते. पेशवाईत नवी पेठ वसवण्याची रीत ठरलेली होती. सरकार जागा नेमून देई, शेटे-महाजनांना वतन देऊन उदमी जमवायला सांगे आणि त्या उदम्यांना कौल देई: अमुक वर्षे कर माफ, पुढे बेताबेताने चढता. व्यापाऱ्याला भरवसा आधी मिळे, वसुली मागाहून होई.

मग या पेठेवर काय काय गुदरले? 1858 च्या एप्रिलात इंग्रजी फौजेने शहर लुटले. 1861 मध्ये झाशी शिंद्यांकडे गेली. 1886 मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत करून इंग्रजांनी ती पुन्हा घेतली. रेल्वे आली, कारखाना आला, छावणीजवळचा सदर बाजार आणि स्टेशनाकडचा सीपरी बाजार वाढले. तटाच्या आतल्या पेठेला वाटेकरी झाले. तरीही लग्नसराईत भोवतालच्या खेड्यांतली माणसे कापड, दागिने, भांडी घ्यायला आजही जुन्या शहरात येतात. म्हणजे दुखणे गिऱ्हाईक नसल्याचे नाही. आलेल्या गिऱ्हाइकाला नीट उभे राहता येत नाही, हे आहे.

2017 मध्ये झाशी स्मार्ट सिटीच्या यादीत आली. अशा वेळी हात शिवशिवतात ते दर्शनी भागाकडे: एकसारख्या पाट्या, एकच रंग, फरशी, शोभेचे दिवे. माझे म्हणणे असे की आराखड्याची सुरुवात घड्याळापासून करावी. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीला टेकतो. दुपारी रस्ता ओस आणि दिवस कलला की तोबा गर्दी. त्याच गर्दीत मालाचा टेम्पो शिरला, हातगाडी आडवी झाली, ई-रिक्षा अडली की दुकानाच्या पायरीवर उभ्या बाईला पोर कडेवर घ्यावे लागते. माल रात्री किंवा पहाटे उतरवावा, संध्याकाळी गाड्या वेशीबाहेर थांबवाव्यात, दुपारसाठी सावली आणि पिण्याचे पाणी असावे. याला फरशीपेक्षा कमी पैसे लागतात. जास्त लागते ती रोजची शिस्त. दिल्लीच्या चांदनी चौकात 2021 पासून सकाळी 9 ते रात्री 9 मोटारींना बंदी आहे. कागदावर तो एका ओळीचा नियम, पण अंमल रोज करावा लागतो.

दुसरी गोष्ट फेरीवाल्यांची. सुधारणा म्हटली की पहिली उचलबांगडी त्यांची होते. 2014 चा पथविक्रेता कायदा मात्र सांगतो की पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजारांना वारसा-बाजार ठरवावे आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. नगर पथविक्रय समितीत किमान चाळीस टक्के जागा त्यांच्याच प्रतिनिधींना आहेत. म्हणजे बांगडीवाली आणि फुलवाला हे आराखड्याच्या बैठकीत हक्काने बसणारे लोक आहेत.

तिसरी गोष्ट पाहुण्यांची. प्रवासी किल्ला पाहतो आणि ओरछ्याची गाडी धरतो. राणी महाल बाजाराला लागून आहे. तिथून मुरलीमनोहरापर्यंतची वाट चालण्याजोगी केली, वाटेत स्वच्छतागृह आणि बसायला ओटा दिला, तर तो तासभर तरी बाजारात रेंगाळेल. त्या मंदिरात कृष्णाच्या एका बाजूला राधा आहे, दुसऱ्या बाजूला रुक्मिणी. हे पाहायला आपला मराठी माणूस तर हमखास थांबेल.

हे सगळे लोकांच्या गळी कसे उतरवायचे? होळकरांच्या इंदुरात नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी हे करून दाखवले. 1918 चा त्यांचा इंदूरचा अहवाल प्रसिद्ध आहे. त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केले की ती नेहमीच्या मार्गाने न जाता ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ असतील त्यांतून जाईल. माणसे झाडू घेऊन बाहेर पडली. घरे सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याला त्यांचा विरोध होता. जेवढे सडले असेल तेवढेच काढावे, बाकी दुरुस्त करावे, असे ते सांगत.

म्हणून माझी सूचना एवढीच: बडा बाजारासाठी, आणि आपल्याकडच्या प्रत्येक कसब्याच्या पेठेसाठी, आराखड्याच्या आधी कौलनामा लिहावा. रस्ता खणला तर किती दिवसांत बुजवणार, तोवर दुकानाची वाट कुठून, वरचा मजला दुरुस्त करून राहायला येणाऱ्याला घरपट्टीत किती वर्षे सूट, फेरीवाल्याची जागा कोणती. बदल्यात दुकानदाराने पायरीपुढचे अतिक्रमण काढावे आणि माल ठरल्या वेळी उतरवावा. दोन्ही बाजूंच्या सह्या होऊन हा कागद चौकात लागला की मगच पहिली कुदळ मारावी.