खासगीपण नागरिकाचे, हिशेब सत्तेचा



आज मी एकाच विषयावर बोलणार आहे. खासगीपणाच्या रक्षणासाठी म्हणून झालेल्या कायद्याने माहितीच्या अधिकाराचे काय केले, हा तो विषय. आपल्या जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे नाव या अधिकाराच्या इतिहासातून वगळता येत नाही. राज्याचा २००० सालचा कायदा तोकडा होता. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यामुळे त्याच्या जागी २००२ चा कायदा आला आणि ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावरील उपोषणाच्या काळात त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. पुढच्याच वर्षी फायलींवरील टिपण्या त्यातून वगळण्याचे घाटत होते, तेव्हा अण्णा आळंदीला उपोषणास बसले होते. अशा जिल्ह्यातल्या वकिलांनी आजच्या बदलाबाबत गप्प राहणे शोभणार नाही.

बदल नेमका काय झाला, ते पाहू. २००५ च्या कायद्याचे कलम ८(१)(ञ) वैयक्तिक माहिती सरसकट झाकत नव्हते. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा उघड केल्यास एखाद्याच्या खासगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होईल अशी माहिती नाकारता येत होती. व्यापक जनहित असेल तर तीही देता येत होती. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे परंतुकही सोबत होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने हे सारे काढून टाकले. आता उरले आहे ते एवढेच, की माहिती वैयक्तिक असेल तर ती देण्याचे बंधन नाही. सरकारी कागदावर माणसांची नावे असणारच. कंत्राटदाराचे नाव, अभियंत्याची सही, लाभार्थ्यांची यादी या सगळ्याला ‘वैयक्तिक’ म्हणून माहिती नाकारली जाण्याची भीती आहे.

ही भीती काल्पनिक नाही. २०२४ साली एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या निवडीवर प्रश्न उभे राहिले आणि त्यात आपल्याच जिल्हा रुग्णालयाच्या नावाची दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रे चर्चेत आली. लोकसेवा आयोगाने ३१ जुलै २०२४ रोजी ती उमेदवारी रद्द केली. फौजदारी बाजूचा निर्णय न्यायालय करील, त्यावर मी मत देणार नाही. मुद्दा एवढाच, की आरोग्याची माहिती ही सर्वांत नाजूक माहिती असते. तरीही राखीव जागेवरचे सार्वजनिक पद त्या माहितीच्या आधारे मिळत असेल, तर प्रमाणपत्र रीतसर दिले गेले का, हे विचारण्याचा हक्क त्या जागेपासून वंचित राहिलेल्या खऱ्या दिव्यांग उमेदवाराला हवा. जुन्या कलमात दोन्ही बाजू तोलून पाहता येत होत्या. आजाराचा तपशील झाकायचा आणि प्रमाणपत्राची वैधता तपासू द्यायची, ही वाट खुली होती. नव्या शब्दांत तो तराजूच उरलेला नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो माहिती अधिकाराच्या गैरवापराचा. शेजाऱ्याचा सूड घेण्यासाठी, पैसे उकळण्यासाठी अर्ज होतात. हे खरे आहे आणि त्याचा त्रास अनेक प्रामाणिक कर्मचाऱ्यांनी भोगला आहे. पण खासगीपण २००५ पासून उघड्यावर पडले होते, असे मुळीच नाही. गिरीश देशपांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली याच जुन्या कलमाच्या आधारे एका कर्मचाऱ्याची सेवाविषयक आणि मालमत्तेची माहिती नाकारणे योग्य ठरवले होते. संरक्षण होतेच, काहींच्या मते जरुरीपेक्षा जास्त होते. दुसरा आक्षेप पुट्टस्वामी निकालाचा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपण मूलभूत हक्क ठरवले, म्हणून कायदा बदलावा लागला, असे सांगतात. पण त्याच निकालाने हक्कावरचे बंधन उद्दिष्टाच्या प्रमाणात असावे, अशी कसोटी दिली. २०१९ मध्ये सरन्यायाधीशांचे कार्यालय माहिती अधिकाराखाली आणताना घटनापीठाने दोन्ही हक्क तोलूनच निर्णय केला. न्यायमूर्ती अजित शहा यांच्या तज्ज्ञगटाने २०१२ मध्येच बजावले होते, की खासगीपणाच्या कायद्याने माहिती अधिकाराला कात्री लागू नये. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीनेही डेटा संरक्षण कायद्याच्या २०१८ च्या मसुद्यात व्यक्तीचे नुकसान आणि जनहित यांची तुलना कायम ठेवली होती. हा सल्ला डावलला गेला.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कलम ८(२) शाबूत आहे. जनहित मोठे असेल तर माहिती देता येते, मग बिघडले काय? बिघडले ते असे, की त्या कलमात माहिती ‘देता येईल’ असे आहे, ‘द्यावी’ असे नाही. तालुक्याच्या कार्यालयातला जन माहिती अधिकारी ही जोखीम कशाला घेईल? नकाराची एक ओळ लिहिणे त्याला सोपे जाते. मग अर्जदाराने प्रथम अपील करायचे आणि मग राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठापुढे तारखेची वाट पाहायची. दुसऱ्या कायद्यांनी बंधनकारक केलेले प्रकटीकरण डेटा कायद्याच्या कलम ३ मुळे सुरक्षित आहे, असेही सांगितले जाते. पण नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेने कलम ४४(३) लगेच लागू केले आणि कलम ३ अठरा महिन्यांनंतरसाठी ठेवले. नागरिकाची संमती, त्याला द्यायची सूचना, डेटा फुटल्यास कळवण्याची जबाबदारी हेही सारे अठरा महिन्यांनीच. म्हणजे नागरिकाला खासगीपण मिळण्याआधीच त्याचा माहितीचा हक्क आखडला. त्यातून कलम १७ नुसार सरकार आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देऊ शकेल. ज्याच्याकडे आपली सर्वांत जास्त माहिती आहे, त्यालाच सवलत आणि प्रश्न विचारणाऱ्याला अडसर, हा न्याय नव्हे.

खासगीपण मला तितकेच मोलाचे वाटते. फेब्रुवारी २०२० मध्ये महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेची पहिली यादी लागली, तेव्हा राहुरी तालुक्यातले ब्राह्मणी हे गाव त्यात होते. अशा यादीत शेतकऱ्याचे नाव आणि माफ झालेली रक्कम गावाला दिसलीच पाहिजे, कारण पैसा सार्वजनिक आहे. त्याचा आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि बँक खाते मात्र कोणालाही दिसता कामा नये, कारण त्यातून त्याची फसवणूक होते. ही विभागणी करायला नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम १० झाकण्याजोगा भाग वेगळा काढून उरलेला देण्याची सोय करते, आणि कलम ४ लाभार्थ्यांचा तपशील आपण होऊन जाहीर करायला सांगते.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. संसदेने ८(१)(ञ) चे २००५ चे शब्द परंतुकासह परत आणावेत. तोवर आपल्या हाती जे आहे, ते वापरू या. प्रत्येक अर्जात कलम ८(२) खालचे जनहित चार ओळींत मांडा, कलम १० खाली अंशतः माहिती मागा, आणि अपिलात नकाराचे समर्थन करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार अधिकाऱ्यावर आहे, हे ठासून सांगा. गरीब अर्जदाराचे एक तरी अपील प्रत्येक वकिलाने वर्षाकाठी विनामोबदला चालवावे, एवढे आवाहन करतो आणि थांबतो.