मध : आहारांत आणि औषधांत



आपल्या घरांत मधाची बाटली बहुधा दोन जागीं सांपडते. एक औषधांच्या फळीवर, सितोपलादि चूर्णाच्या शेजारीं. आणि दुसरी देवघरांत, पंचामृताच्या साहित्यांत. जेवणाच्या पानावर मात्र मधाला क्वचितच स्थान मिळतें. ज्या वस्तूस आपण अन्न म्हणून फारसें ओळखत नाहीं, तिच्याविषयीं भलतेंच कांहींतरी ऐकून घेण्याची आपली तयारी असते, आणि मधाच्या बाबतींत नेमकें हेंच झालें आहे.

प्रथम मध म्हणजे काय तें पाहूं. फुलांत जो गोड रस असतो तो मकरंद. तो अद्याप मध नव्हे. मकरंदांत पाण्याचा भाग पुष्कळ, बहुधा निम्म्याहून अधिक असतो. कामकरी माशी तो आपल्या पोटांतील मधाच्या पिशवींत भरून पोळ्यांत आणते. तेथें दुसरी माशी तो तिच्या तोंडांतून घेते, तिच्याकडून तिसरी, आणि असा हा रस हातोहात, खरें म्हणजे मुखोमुखीं, फिरत असतां त्यांत माशांच्या ग्रंथींतील पाचक द्रव्यें मिसळतात. त्यांच्या योगानें मकरंदांतील साखर, जी आपल्या ऊंसाच्या साखरेच्याच जातीची असते, ती फुटून तिच्यापासून द्राक्षशर्करा व फलशर्करा अशा दोन साध्या शर्करा होतात. आपल्या आंतड्यांना जें काम करावें लागतें त्यांतील थोडें असें माशीनें आधींच केलेलें असतें. मग हा रस कोठड्यांतून पसरला जातो, आणि माशा पंखांनीं रात्रंदिवस वारा घालून त्यांतील पाणी उडवितात. तें शेंकडा वीसच्या आसपास उतरलें, कीं कोठडीवर मेणाचें झांकण बसतें. हा पिकलेला मध. झांकण बसण्यापूर्वीं काढलेला कच्चा मध लवकर आंबतो.

पिकलेला मध वर्षानुवर्षें टिकतो, याचें कारण त्यांत जंतूंना जगण्यापुरतें मोकळें पाणीच उरलेलें नसतें. शिवाय तो आम्लधर्मी आहे, आणि पाण्याशीं मिसळतांच त्यांतील एका पाचक द्रव्यामुळें अल्प प्रमाणांत हायड्रोजन पेरॉक्साइड उत्पन्न होतें. व्रणावर मध लावावा असें सुश्रुतानें सांगितलें, त्याची उपपत्ति ही अशी लागते. सोलापूरचे शल्यवैद्य डॉ. एम्. सुब्रह्मण्यम् यांनीं १०४ भाजलेल्या रोग्यांपैकीं निम्म्यांना मधांत भिजविलेली पट्टी व निम्म्यांना रुपेरी सल्फाचें मलम लावून पाहिलें, आणि १९९१ सालीं ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी या मासिकांत त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत मधाचा पक्ष वरचढ ठरला. पुढें २०१५ सालीं कॉक्रेन मंडळानें अशा अनेक प्रयोगांची छाननी केली, तेव्हां वरवरच्या भाजण्यावर मध उपयोगी पडतो एवढें मान्य झालें. इतर बऱ्याच जखमांविषयीं मात्र ठाम निर्णय देण्यासारखा पुरावा नाहीं असें ठरलें. हा मध निर्जंतुक केलेला असतो, फळीवरील बाटलींतला नव्हे, हें गृहिणींनीं ध्यानांत ठेवावें.

आतां आहाराकडे वळूं. शंभर ग्रॅम मधांत सुमारें ऐंशी ग्रॅम शर्करा असते. बाकी बहुतेक पाणी. त्यापासून सुमारें ३०० कॅलरी मिळतात. जीवनसत्त्वें व क्षार आहेत, पण इतके थोडे कीं त्यांच्यासाठीं मध खावा असें म्हणणें म्हणजे केशराच्या एका काडीनें भूक भागविण्यासारखें आहे. साखरेपेक्षां मध हलका, असा आपला समज. पण एक मोठा चमचा मध सुमारें एकवीस ग्रॅम भरतो आणि तोच चमचा साखरेनें भरला तर साडेबारा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे चमच्यास चमचा लावला तर मधाचाच चमचा भारी. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं साखरेवर मर्यादा घालण्याचा सल्ला दिला, त्यांत मधालाही साखरेच्याच पंक्तीस बसविलें आहे. मधुमेह्यानें 'हें नैसर्गिक आहे' एवढ्या समाधानावर तो खाऊं नये. सकाळीं कोमट पाण्यांत लिंबू आणि मध घेतल्यानें चरबी झडते असें म्हणतात. पाण्यानें किंवा चालण्यानें ती झडत असेल तर झडो, मधांत ती झडविणारें असें कांहीं सांपडलेलें नाहीं.

मग मधाचा गुण कोणता ? चव आणि सुवास हा मोठा गुण आहे, आणि तो मी कमी लेखीत नाहीं. दुसरा गुण खोकल्यावरचा. वर्षावरील मुलांना सर्दीचा खोकला झाला असतां निजतांना चमचाभर मध दिल्यानें कांहीं न देण्यापेक्षां आराम पडतो, असें २०१८ सालच्या कॉक्रेनच्या छाननींत आढळलें. आजीबाईचें चाटण येथें खरें ठरलें.

परंतु मीं 'वर्षावरील' म्हटलें, आणि आजच्या भाषणांत मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें तें हेंच आहे. आपल्याकडे मूल जन्मलें कीं जातकर्मांत सोन्यानें मध व तूप चाटविण्याची चाल फार जुनी आहे. जेथें तो संस्कार होत नाहीं तेथेंही मधाचें बोट जिभेवर ठेवल्यावांचून वडीलधाऱ्यांना बरें वाटत नाहीं. पुढें बाळगुटी उगाळतांनाही मध घालतात. यांत प्रेम आहे, शुभेच्छा आहे. पण मधांत कधीं कधीं क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नांवाच्या जंतूचीं बीजें असतात. आपल्याला त्यांची बाधा होत नाहीं, कारण आपल्या आंतड्यांत इतर निरुपद्रवी जंतूंची दाट वस्ती झालेली असते. तान्ह्या मुलाच्या आंतड्यांत ती अजून झालेली नसते. तेथें हीं बीजें रुजतात व विष निर्माण करतात. हा रोग १९७६ सालीं कॅलिफोर्नियांत प्रथम ओळखला गेला. आरंभीं मुलाला मलावरोध होतो. मग रडणें क्षीण होतें, स्तन ओढण्याची शक्ति कमी होते, पापण्या जड होतात, मान धरवत नाहीं, आणि अखेर श्वास अडूं लागतो. रोग विरळा आहे हें खरें, परंतु तो घरांत आला म्हणजे विरळा राहत नाहीं. मध उकळल्यानेंही हीं बीजें मरत नाहींत. म्हणून एक वर्ष पुरें होईपर्यंत मध नको, बोटभरही नको. मंत्र म्हणावयाचा असेल तो अवश्य म्हणावा. मधाच्या जागीं आईचें दूध असावें, आणि मुलाच्या तोंडीं पहिली चव त्याचीच जावी. आजोबा-आजींना हें सांगण्याचें काम सुनेवर टाकूं नये. तें मुलानें करावें.

वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत मध तापवूं नये असें सांगितलें आहे. तापविल्यानें त्यांतील पाचक द्रव्यें नष्ट होतात व सुवास उडतो, एवढें आजही दिसतें. थंडींत मध दाणेदार झाला म्हणजे लोक तो साखरेचा म्हणून परत करतात. वस्तुतः द्राक्षशर्करेचे कण होणें हा खऱ्या मधाचाच स्वभाव आहे. बाटली कोमट पाण्यांत ठेवावी, तो पुन्हां पातळ होतो. उलट, वात भिजवून जाळणें, पाण्यांत थेंब सोडणें, कुत्र्यापुढें ठेवणें या परीक्षांचा कांहीं उपयोग नाहीं. घट्ट पाक त्यांत सहज उतरतो. २०२० सालीं दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्रानें तेरा छापांचे मध परदेशीं सूक्ष्म तपासणीस धाडले, तेव्हां तिनांखेरीज बाकीचे सारे तींत नापास झाले.

म्हणून मध कोणी व कसा काढला हें विचारून घ्यावें. आग्या मोहोळ धुरानें उठवून, कापून, पिळून काढलेल्या मधांत अळ्यांचा रस व मेणाचा चुरा येतो, आणि वसाहत नासते ती वेगळीच. जैन बांधव मध वर्ज्य मानतात तें या हिंसेमुळें. सातेरी माशी पेटींत राहते. चौकटी बाहेर काढून यंत्रांत फिरविल्या कीं मध निथळतो, पोळें व अळ्या शाबूत राहतात, आणि चौकट पुन्हां पेटींत जाते. महाबळेश्वराच्या परिसरांत हा व्यवसाय कित्येक वर्षांपासून चालत आला आहे, आणि तेथील मांघर हें २०२२ सालीं मधाचें गांव म्हणून जाहीर झालें. जांभूळ, हिरडा आणि कित्येक वर्षांनीं एकदांच फुलणारी कारवी, यांच्या फुलोऱ्याप्रमाणें त्या डोंगरांतील मधाचा रंग व चव पालटते. जांभळाचा मध गडद आणि किंचित कडवट लागतो. तसा तो कोठें मिळाला, तर औषधाच्या फळीवर न ठेवतां एकदां ताज्या भाकरीबरोबर पानांत वाढून पाहावा.