गच्चीवरचं बीट, बरणीतलं बीट

लोणचं म्हटलं की आपल्याला कैरी आठवते, लिंबू आठवतं, फार तर आवळा. बीट कोशिंबिरीपुरतं. बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसानं मात्र बिटाचं लोणचं घालायलाच हवं, आणि तेही गच्चीवर पिकवलेल्या बिटाचं, असं मला मनापासून वाटतं.

बीट हे थंड हवेचं पीक. महाराष्ट्राच्या मैदानी भागात त्याला हिवाळ्याची वाट पाहावी लागते. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यामुळे मार्च ते मे एवढे महिने टाळले, तर इथे एरवी कधीही बी टोकता येतं. १८०९ मध्ये इथे इंग्रजांची छावणी वसली आणि विलायती भाज्यांना गिऱ्हाईक मिळालं. हवा तर आधीपासूनच अनुकूल होती.

कुंडी निदान वीतभर खोल हवी. लाल माती, शेणखत आणि कोकोपीट समप्रमाणात मिसळावं. कोकोपीटमुळे गच्चीवरचा भारही हलका होतो. खताचा हात मात्र आखडता ठेवा. नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि गड्डा धरत नाही. आपण बिटाचं बी म्हणून पेरतो तो बहुधा दोन-चार बियांचा गुच्छ असतो, त्यामुळे एका जागी तीन-तीन रोपं उगवतात. विरळणी करायला जीव धजावत नाही, पण ती करायलाच हवी. दोन रोपांत चार बोटं अंतर ठेवा. उपटलेली कोवळी रोपं फेकू नका, त्यांची पालकासारखी भाजी होते. आपला देशी पालक आणि बीट वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं एकाच जातीचे आहेत.

दोन-अडीच महिन्यांत गड्डा मध्यम लिंबापेक्षा थोडा मोठा झाला की काढावा. आणखी ठेवला की तो रेषाळ होतो.

आता लोणच्याकडे येऊ, कारण इथेच आपली सवय आड येते. कैरी आणि लिंबू मुळातच आंबट असतात. मीठ आणि तेल त्यांच्या मदतीला असतात, पण राखणीचं मोठं काम तो आंबटपणाच करतो. बीट गोड, त्याला स्वतःचा आंबटपणा जवळजवळ नाहीच. शिवाय ते मातीत वाढलेलं. आंबट न घालता ते नुसतं तेलात बुडवून बाहेर ठेवलं, तर तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि बॉट्युलिझमचे घातक जंतू वाढू शकतात. म्हणून कैरीची रीत इथे जशीच्या तशी लावू नये.

आंबटाचे आणखी दोन उपकार आहेत. बिटाचा मातकट वास ज्या द्रव्यामुळे येतो, ते आम्लात मोडतं. आणि बिटाचा लाल रंग आम्लात टिकतो, सोड्यात पिवळट पडतो. तेव्हा बीट शिजवताना सोडा अजिबात नको.

गड्ड्याचं शेपूट आणि बोटभर देठ ठेवून, सालासकट बीट उकडा, म्हणजे रंग पाण्यात उतरत नाही. गार झाल्यावर साल हातानंच सुटते. चकत्या करून स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत भरा. व्हिनेगर घेताना बाटलीवर आम्लाचं प्रमाण वाचा. चार टक्के असेल तर त्यात पाणी घालूच नका. त्यात मीठ, थोडी साखर, चार मिरे, दोन लवंगा आणि आल्याचे काप घालून उकळी आणा आणि चकत्या बुडतील इतकं ओता. मी वरून मोहरीची डाळ भुरभुरते, तिच्याशिवाय मला ते लोणचं वाटतच नाही. बरणी गार झाली की फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर नको. आठवडाभरात चव मुरते. दहीभाताबरोबर ते फार छान लागतं, पिठलं-भाकरीबरोबर त्याहून छान.

चकत्या संपल्यावर उरलेलं लाल पाणी ओतून देऊ नका. त्यात पातळ चिरलेला कांदा घालून बरणी पुन्हा फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी जेवायला गुलाबी, आंबटगोड कांदा तयार असतो.