कृष्णेचे मासे कृष्णेला



आम्ही कामगारांत वावरणारे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण फाटकसभांत आणि वाचनालयांत झाले. आम्ही माशांविषयी बोलावयास उभे राहिलो याचे कोणास नवल वाटेल. पण स्वतःच्या घरातून हुसकला गेलेला जीव हा आमच्याच खात्यातला प्रश्न आहे.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. शास्त्रीय नावे देताना त्याने लोकांच्या तोंडची नावेच उचलली : खुद्री, कोळस, नुकटा. अर्थात ही नावे आधी भोयांची, मग शास्त्राची.

यांतला खुद्री म्हणजे आपला महसीर. धरणे झाली, सुरुंग लावून मासेमारी झाली, आणि तो दिसेनासा झाला. तेव्हा लोणावळ्याला वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या सुमारास त्याची पैदास सुरू केली. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी हे काम उभे केले. मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी घ्यावयाची, नराचे वीर्य त्यांत मिसळावयाचे, आणि वाहत्या पाण्यात पिल्ले जगवावयाची. लाखो पिल्ले वाढली. २०२० साली हा मासा धोक्याच्या जागतिक यादीतून बाहेर आला. मालकाशी भांडण्यात आमचा जन्म गेला. पण चांगल्याला चांगलेच म्हटले पाहिजे.

आता दुसरी बाजू ऐका. वळवणची पिल्ले दक्षिणेत कावेरीतही सोडली गेली. तेथे कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महसीर होता. पाहुणा फोफावला, घरधनी मागे सरला. २०१८ साली तो घरधनी अतिसंकटग्रस्त ठरला. हेतू चांगला होता. पण नदीला कोणी विचारले नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, आधी नदीला विचारा. आपली तीळगंगा, वसना यांचे पाणी शेवटी कृष्णेलाच मिळते. त्यांत कोणता मासा होता, कोणत्या डोहात होता, हे म्हाताऱ्या भोयांना विचारून लिहून काढा. पिल्लांची पिशवी त्यानंतर.

आणि पिल्ले सोडावयाची तरी कशात? २०२३च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. येथे आम्हाला एक कबुली द्यावयाची आहे. एका कारखान्यातले आमचे सभासद रात्री नाल्यात सोडल्या जाणाऱ्या काळ्या पाण्याविषयी सांगत. मागणीपत्रात आम्ही पगार घातला, बोनस घातला. पाणी घातले नाही. कारखाना बंद पडेल ही भीती होती. त्या नाल्याखाली जाळे टाकणाराही श्रमिकच होता, पण त्याचे नाव आमच्या सभासदांच्या वहीत नव्हते. ही चूक आमची.

दोष एकट्या कारखान्याचाही नव्हे. गावाचे सांडपाणी आपणच सोडतो. पहिल्या पावसात चढणीचे मासे आपणच चवीने खातो. ते मासे अंडी घालावयास वर निघालेले असतात. एक मासा पकडला की पुढच्या सालचे शेकडो गेले.

तेव्हा मागणी तीन कलमांची : नदीत स्वच्छ पाणी, चढणीच्या दिवसांत जाळ्याला सुट्टी, आणि त्या दिवसांत भोयांच्या चुलीची सोय. तिसरे कलम गाळले, तर पहिली दोन कागदावरच राहतील. हे आम्ही अनुभवाने सांगतो.